जोडणारा, तोडणारा आणि आमचा गणित विभाग

ज्या विभागात काम होतं तिथं शोधनिबंध साठतात. जिथं होत नाही तिथं किस्से साठतात. गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजातल्या गणित विभागात आम्ही इनमिन चार माणसं. बारा-तेरा वर्षांत आमच्याकडं किस्से ढीगभर जमले. शोधनिबंध दोन, त्यातला एक परत आलेला!

परवा एकजण म्हणाला, "गुरनुले, तू हे सगळं लिहून काऊन नाई काढत?" म्हटलं, लिहायला बसलं की रडू येतं बापा. सांगताना निदान चहा तरी मिळतो.

तर आधी माणसं सांगतो. बोरकुटे सर, विभागप्रमुख आणि माझे पीएचडीचे गाइड. फळ्यावर मराठीतच लिहिणार, मग समोर कोणीही बसलेलं असो. मी गुरनुले, मूल गावचा, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की पुन्हा साधा माणूस. सुमित्रा उसेंडी, एटापल्लीच्याही आत एक गाव आहे तिथली, सरांची पीएचडीची दुसरी विद्यार्थिनी आणि आम्हा सगळ्यांत हुशार. आणि विभागाचे शिपाई भांडेकर भाऊ. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत दारात बसायचे आणि सगळं ऐकायचे.

आता विषय. कागदावर पाच ठिपके काढा. ठिपके म्हणजे गावं. प्रत्येक दोन गावांमध्ये एक रस्ता, असे दहा रस्ते. खेळाडू दोन. जोडणारा आपल्या पाळीला एक रस्ता आपला करतो, तोडणारा आपल्या पाळीला एक रस्ता पुसतो. तीन गावांचा त्रिकोण पूर्ण झाला की जोडणारा जिंकला. होऊ दिला नाही तर तोडणारा. आता खेळ सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक रस्त्यासाठी नाणं उडवा. छापा पडला तर रस्ता ठेवा, काटा पडला तर काढून टाका. मग किती रस्ते उरले तर जोडणारा तरीही जिंकतो? हा सरांचा प्रश्न. आणि रस्त्यांऐवजी तीन-तीन, चार-चार गावांचे गट घेतले, तर त्याला म्हणतात हायपरग्राफ. तिथं जोडणाऱ्याला एखादा अख्खा गट आपला करायचा असतो आणि तोडणाऱ्याला प्रत्येक गटातलं एक तरी गाव अडवायचं असतं. हा सुमित्राचा प्रश्न.

हे सगळं मी माझ्या आईला अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग नोकरी कधी लागते?"

०००

माझ्या पीएचडीच्या नोंदणीचं प्रकरण. प्रबंधाचा विषय सरांनी मराठीत लिहून दिला: "यादृच्छिक ग्राफवरील खेळांचा अभ्यास". फाइल वर विद्यापीठात गेली. एक महिना गेला, दोन गेले. मी आणि सर दर सोमवारी चौकशीला जायचो. खिडकीतला माणूस सांगायचा, "प्रोसेसमधी आहे."

आठव्या महिन्यात समजलं की 'खेळ' शब्द वाचून कोणीतरी फाइल शारीरिक शिक्षण विभागाकडं पाठवली आहे! आम्ही धावत तिथं गेलो. तिथल्या बाबूनं सांगितलं, फाइल कालच निकाली काढली. आम्हाला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आठ महिन्यांनी का होईना, निकाली तर निघाली.

फाइल उघडली. आत लाल शाईचा शेरा होता: "मैदान उपलब्ध नसल्याने प्रस्ताव नामंजूर."

सर तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "गुरनुले, यांनी निदान वाचला तरी. मागच्या वेळी तर कोणी उघडलाही नव्हता."

०००

सुमित्रा विभागात आली त्या पहिल्या दिवशी सरांनी तिला नाण्याचा खेळ समजावला. प्रत्येक रस्त्यासाठी नाणं उडवायचं, काटा पडला की रस्ता पुसायचा. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "सर, नाणं काऊन लागते? आमच्या इकडं नाल्याले पूर आला का रस्ते आपोआपच पुसल्या जाते."

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढच्याच वर्षी कोर्सवर्कची परीक्षा लागली आणि नेमका तिच्या गावापुढचा नाला चढला. अठरा दिवस गाव बंद. परीक्षा बुडाली. पाणी उतरल्यावर ती चिखल तुडवत आली, अर्ज दिला: "पूर आल्याने उपस्थित राहू शकले नाही." ऑफिसनं सांगितलं, नुसत्या अर्जावर चालत नाही, पुराचा दाखला आणा.

ती तलाठ्याकडं गेली. तलाठी म्हणाले, दाखला द्यायला पंचनामा पाहिजे, आणि पंचनामा पूर असताना करावा लागतो.

"मंग तवा काऊन नाई आले, साहेब?"

"कसा येणार? पूर होता ना!"

तिचं एक वर्ष गेलं. तिनं तक्रार केली नाही, भांडली नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

०००

सरांची सवय अशी की महत्त्वाचं सगळं फळ्यावर. वहीत लिहिलं की विचार झोपतो म्हणायचे. विभागातल्या मागच्या खोलीत एक मोठा फळा होता. त्यावर त्यांची सिद्धता सात महिने वाढत होती. वर कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'पुसू नये'. भांडेकर भाऊ त्या खोलीत झाडूसुद्धा असा मारायचे की धूळ उडून अक्षराला लागू नये.

मग कॉलेजच्या तपासणीला समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांनी सगळीकडं रंगरंगोटी काढली. सर त्या आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला. भांडेकर भाऊंची ड्युटी स्वागताच्या मांडवात लागलेली. मी तास घेत होतो.

सर परत आले आणि मागच्या खोलीचं दार उघडून तसेच उभे राहिले. फळा काळाकुळकुळीत! नवाकोरा, तेल लावल्यासारखा चमकत होता.

भांडेकर भाऊ रंगाऱ्यावर तुटून पडले. "दिसत नाई का तुले? पुसू नये असं लिवलं होतं न!"

रंगारी बिचारा घाबरला. "पुसलं कुठी जी? मी तं रंगवलं!"

भाऊ दुसऱ्या दिवशी घरून ब्लेड घेऊन आले आणि सकाळपासून तो रंग खरवडत बसले. आम्ही सांगितलं, भाऊ, सोडा आता. ऐकेनात. दुपारपर्यंत खालून पांढरी अक्षरं दिसायला लागली. आम्ही तिघं धावत गेलो. बोटं काळी झालेले भाऊ बाजूला सरकले आणि अभिमानानं म्हणाले, "हे पाहा सर, एक लाइन सापडली!"

सात महिन्यांच्या कामातून एवढंच सापडलं होतं: "यावरून उघड आहे की".

०००

माझं लग्न. म्हणजे न झालेलं.

सिंदेवाहीकडं मुलगी बघायला गेलो. सोबत आई, मामा. मुलीचे वडील मुख्याध्यापक, मला वाटलं आपल्याला समजून घेतील. चहा-चिवडा झाला. त्यांनी विचारलं, "पीएचडी कशात करून राह्यले?"

"खेळात."

"क्रिकेट?"

मामानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, नाही, दाखवतो. वर्तमानपत्राच्या कडेला पाच ठिपके काढले. मुलगी समोरच बसली होती, तिला म्हटलं, तुम्ही जोडणाऱ्या व्हा, मी तोडणारा. आणि सभ्यपणा म्हणून पहिली चाल तिला दिली.

आता पाच ठिपक्यांचा खेळ असा आहे की पहिली चाल जोडणाऱ्याची असेल आणि तो चुकला नाही, तर तोडणारा हरतोच. यावर माझ्या प्रबंधात अख्खा एक धडा आहे! पण मला वाटलं, पहिल्यांदा खेळते आहे, चुकेल.

ती चुकली नाही. चार चालींत त्रिकोण! मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. मी म्हटलं, पुन्हा खेळू. पुन्हा पहिली चाल तिलाच दिली, कारण आता मागं घेणं बरं दिसलं नसतं. पुन्हा त्रिकोण.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. म्हटलं, काय म्हणते मुलगी?

"पोरगा चांगला हाये म्हणते. स्वभाव गरीब हाये म्हणते. पण म्हणते, दहा वर्षं झाली शिकून राह्यले, अन् आपल्याच विषयात हारून राह्यले."

त्यानंतर आईनं मला कुठं नेलं नाही.

०००

सुमित्राला एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायची संधी मिळाली. ऑनलाइन, बारा मिनिटं. आमच्या विभागातून असं बोलणारी ती पहिलीच. नेमकी तिची आई आजारी पडली आणि तिला गावी जावं लागलं. गावात नेटवर्क नाही. पण गावामागच्या टेकडीवर मोहाचं एक झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं तर फोन लागतो. तिनं तिच्या बोलीत सांगितलं, "सर, मी तिथूनच बोलतो."

सर आणि मी विभागात कॉम्प्युटरसमोर. भांडेकर भाऊ मागं उभे. पडद्यावर देशोदेशीचे लोक चौकोनांत बसलेले. सुमित्रा दिसली. धुतलेली साडी, पाठीमागं झाड. दोन वाक्यं बोलली, आणि तिचं चित्र तसंच गोठलं. तोंड अर्धवट उघडं, हात वर. आवाज बंद.

आम्ही फोन लावला, लागेना. सर खुर्चीतून उठून पडद्याकडं सरकले, जणू जवळ गेल्यावर ऐकू येणार होतं. बारा मिनिटं ते सगळे लोक त्या गोठलेल्या चित्राकडं बघत बसले. काही जण चहा पीत होते. बारा मिनिटं झाल्यावर अध्यक्षांनी आभार मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभरानं तिचा फोन आला. आवाजातून आनंद सांडत होता. "सर, पूर्ण झालं! एकाही ठिकाणी अडकलो नाई! खाली गुरं चारणारे होते, ते बी ऐकत होते." मग जरा हळू आवाजात, "पण सर, शेवटी कोणी प्रश्न काऊन नाई विचारले?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"सगळ्यांना समजलं, सुमित्रा," सर म्हणाले.

पुढं प्रमाणपत्र आलं. सहभागी झालेल्या सगळ्यांना येतं तसं. तिनं ते घरी भिंतीवर लावलं आहे. खरं काय झालं ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.

०००

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

फळा गेल्यावर सरांनी सगळं पुन्हा उभं केलं. या वेळी वहीत. त्या एका प्रश्नावर त्यांची एकूण अकरा वर्षं गेली. शेवटी एका सोमवारी सकाळी वही घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. नुसते हसले. मी दोन दिवस तपासलं. बरोबर होतं! सगळं बरोबर होतं. मी टाइप केलं. छापायला पाठवायचं काम माझ्याकडं, कारण सरांचं आणि ईमेलचं कधी जमलं नाही.

पाठवण्याआधी सहज म्हणून मी ती वेबसाइट उघडली, जिथं जगभरचे गणिती आपले नवे निबंध टाकतात. त्याच सकाळी टाकलेला एक निबंध होता. तोच प्रश्न. तेच उत्तर. दुसराच मार्ग, दोन पानांत.

सकाळचे अकरा वाजले होते. मी दुपारी दोनपर्यंत सरांना सांगितलं नाही. डबा सोबत खाल्ला. सरांनी त्या दिवशी मला त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी आग्रहानं वाढली. निवृत्तीनंतर याच्यावर मराठीत पुस्तक लिहिणार म्हणाले. मी हो हो करत होतो.

दोन वाजता प्रिंट काढून समोर ठेवली. त्यांनी वाचली. पहिलं पान, दुसरं पान. मग पान उलटून मागं काही आहे का ते बघितलं.

"दोनच पानं?"

"हो सर."

"सुंदर आहे रे," म्हणाले. "हे मला सुचायला पाहिजे होतं."

मग छत्री घेऊन खाली गेले. थोड्या वेळानं मी खिडकीतून बघितलं तर पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलेले. हेल्मेट घातलेलं, गाडी बंद. अर्धा तास झाला तरी तसेच. भांडेकर भाऊ जवळ गेले.

"सर, पेट्रोल नाई का?"

"आहे."

"मंग?"

"कुठं जायचं होतं ते आठवून राह्यलो, भाऊ."

भाऊंनी सांगितलं नाही की घरी जायचं आहे. ते तिथंच स्कूटरला टेकून उभे राहिले, सर उठेपर्यंत.

०००

सरांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, सभागृहात पंखे बंद. नवीन प्राचार्यांना येऊन तीनच आठवडे झाले होते. त्यांनी सरांची माहिती ऑफिसकडून मागवली होती. भाषणाचा शेवट त्यांनी असा केला, "बोरकुटे सरांनी या मागास भागात आयुष्यभर खेळ रुजवला. आज आपले विद्यार्थी पोलीस भरतीच्या ग्राउंडमध्ये चमकतात, त्याचं श्रेय सरांना जातं!"

टाळ्या! सर उठले, हात जोडले आणि बसले. सरांची जागा पुढं भरली गेली नाही. एम.एस्सी.चा वर्ग बंद झाला. मागच्या खोलीत आता निवडणुकीचं सामान असतं.

०००

आता शेवटचा.

सुमित्राचा प्रबंध जवळजवळ झाला होता. सर निवृत्त झाले तरी तिचे गाइड तेच होते. तिचा निकाल असा: गट विरळ असतील तर तोडणारा नेहमीच जिंकतो, आणि किती विरळ असायला हवेत त्याची नेमकी मर्यादा. सगळं हातानं लिहिलेलं, मराठीत, साठ-सत्तर पानं. ठिपक्यांना क, ख, ग अशी नावं द्यायच्या ऐवजी ती गावांची नावं द्यायची. तिच्या आजूबाजूची. तशी लक्षात राहतात म्हणायची. कोणती गावं कोणत्या गटात ते पेनानं गोल करून दाखवलेलं.

धान कापणीला ती गावी गेली होती. परत येताना एसटी एका नाक्यावर थांबवली. नक्षली भागातली पोलिसांची नेहमीची तपासणी. तिची पिशवी उघडली, कागद निघाले. वरच्याच पानावर मथळा होता: "गट विरळ असताना तोडणाऱ्याची व्यूहरचना". खाली गावांची नावं, गोल केलेली!

तिला खाली उतरवलं. बस निघून गेली.

हवालदारानं विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, गणित. त्यानं विचारलं, तोडणारा कोण? ती म्हणाली, खेळाडू. त्यानं विचारलं, कोणत्या गावचा? बारावीपर्यंत आश्रमशाळेत आणि पुढं आमच्या विभागात जिनं कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालं नाही, तिची जीभ वळेना. तिनं सरांचा नंबर दिला. हवालदारानं सरांना फोन लावला. सर तेव्हा विभागात माझ्यासमोरच बसलेले.

सर म्हणाले, "साहेब, तो तोडणारा काल्पनिक आहे."

"काल्पनिक म्हणजे? फरार आहे का?"

आम्ही हे नंतर खूपदा सांगून हसलो. सर त्या वेळी हसत नव्हते. ते फोनवर ओरडत होते. "ती माझी विद्यार्थिनी आहे! हुशार आहे! तिला बसायला खुर्ची द्या!" सरांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग तिथले साहेब आले. तरुण फौजदार, पश्चिम महाराष्ट्राकडचे, इंजिनिअरिंग करून भरती झालेले. त्यांनी हवालदाराला बाहेर पाठवलं, तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "समजावून सांगा." तिनं पाच ठिपके काढले. ठिपके वेडेवाकडे आले. तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "मला पटतंय. पण कागद ठेवून घ्यावे लागतील. खात्री झाली की परत देतो." रजिस्टरमध्ये तिचा मोबाइल नंबर लिहून घेतला आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिलं.

ती दुसऱ्या दिवशी विभागात आली. निघताना एकच म्हणाली, "सर, मी माझ्याच गावाचं नाव काऊन लिवलं त्याच्यात?"



कागद परत आले नाहीत. दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. नोंदणीची मुदत संपत आली होती, एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा वाढणार नव्हती. मग तिनं सगळी पानं आठवून पुन्हा लिहायला घेतली. या वेळी ठिपक्यांना क, ख, ग. चार महिने! सर रोज सकाळी घरून डबा घेऊन यायचे आणि तिच्यासमोर बसायचे. ती लिहायची, सर तपासायचे, मी टाइप करायचो. शब्द न् शब्द तसाच आठवत होता तिला. सर म्हणायचे, असं डोकं मी पाहिलं नाही.

शेवटी झालं. प्रबंधाच्या पाच प्रती बांधून आल्या. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. दुसऱ्या दिवशी जमा करायच्या. त्या दुपारी आम्ही चौघं विभागात बसलो होतो. भांडेकर भाऊंनी हात धुऊन, पुसून एक प्रत उचलली, वजन बघितलं आणि म्हणाले, "जड हाये बाई!" सुमित्रा कितीतरी महिन्यांनी हसली. तिची आईही येणार होती उद्या, पहिल्यांदा गडचिरोलीचं कॉलेज बघायला.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. भाऊ म्हणाले, स्पीकर लावा, अभिनंदनाचा असंल.

"मॅडम, मी बोलतोय. नाक्यावरचा. तुमचे कागद माझ्याकडं होते."

सुमित्रा उभी राहिली. सरांनी हातानं खूण केली, बस. ती बसली नाही.

"तुम्हाला परत करायला उशीर झाला, माफ करा. वरून परवानगी मागच्याच आठवड्यात आली. पण मी ते वाचले. सगळे वाचले. रोज ड्युटी संपली की एकेक पान."

"हव साहेब," ती म्हणाली.

"एक विचारायचं होतं. सतराव्या पानावर, जोडणारा एका चालीत दोन गट पूर्ण व्हायच्या बेताला आणतो. बरोबर?"

सरांनी समोरची प्रत उघडली. बांधणी नवी होती, पानं करकरली. ते सतराव्या पानाच्या आसपास बोट फिरवत होते. टायपात पान बदललं होतं, मी शोधून दिलं.

"बरोबर," सुमित्रा म्हणाली.

"आणि तुमचा तोडणारा दोन्ही अडवतो. एकाच पाळीत. त्याला चाल तर एकच आहे ना, मॅडम?"

सरांचं बोट त्या ओळीवर होतं. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग प्रत माझ्याकडं सरकवली. मी वाचली. सुमित्रानं वाचली नाही. तिला पाठ होती.

"मॅडम? आहात ना?"

"आहो साहेब."

"मला वाटलं, मी चुकत असेन. म्हणून मग दुरुस्त करून बघितलं. चार महिने झाले बघतोय." पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता, मागं कुठंतरी बस थांबल्याचा आवाज. "नाही होत हो. माझ्याकडनं तरी नाही होत."